कादंबरीकाराचा घरखर्च

देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्याकडे १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर काही महिने खाजगी चिटणीस होते, हे आपल्या लोहारद्याच्या मंडळींना सांगायला नको. येताना त्यांनी एका कादंबरीची आरंभीची प्रकरणे बरोबर आणली होती; ती देवासात पुढे सरकली नाहीत. 'अ पॅसेज टू इंडिया' पुरी झाली ती मायदेशी परतल्यावर आणि प्रसिद्ध झाली १९२४ साली. पहिल्या प्रकरणांपासून अकरा वर्षे गेली होती. इतका धीर धरता आला, त्यामागे एक मृत्युपत्र होते. फॉर्स्टर आठ वर्षांचे असताना, १८८७ साली, त्यांच्या आजीची बहीण मेरियन थॉर्नटन हिने त्यांच्या नावे आठ हजार पौंड ठेवले. आपले लेखन त्या रकमेमुळे शक्य झाले, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले.

आपल्या हरिभाऊ आपट्यांना (१८६४–१९१९) अशी आजी लाभली नाही, चुलते लाभले. बी.ए.ची पदवी हाती नव्हती, म्हणजे त्या काळी सरकारी नोकरीचा राजमार्ग बंद. चुलते महादेव चिमणाजी आपटे मुंबई हायकोर्टाचे वकील. त्यांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम स्थापिला आणि व्यवस्था पुतण्याकडे सोपविली. संस्कृत पोथ्या जमविणे व ग्रंथ छापणे यांचा कादंबरीशी संबंध काय? काहीच नाही, पण डोक्यावर छप्पर आले आणि छापखान्याचा व्यवहार रोजच्या नजरेखाली आला. या आधारावर १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक निघाले व 'पण लक्ष्यात कोण घेतो?' त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे आली.

साप्ताहिकाने लेखकाला वाचक दिला, तसा तगादाही दिला. शनिवार कोणासाठी थांबत नाही. कथानक पसरत गेले, काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. समीक्षक याला रचनेचा दोष म्हणतात. फाइलींच्या मुदती सांभाळण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, मला तो कामाच्या बोजाचा परिणाम वाटतो.

आपल्याकडील लेखकाला मृत्युपत्र नाही आणि आनंदाश्रमही नाही. निवृत्तिवेतनातून पुस्तक छापायचे, आप्तेष्टांना वाटायचे, उरलेले गठ्ठे माळ्यावर. ही कथा किती घरांची आहे! पुणे-मुंबईचा प्रकाशक भेटलाच, तर आनंदाच्या भरात त्याने पुढे केलेल्या कागदावर सही होते. त्या कागदाकडे जरा सरकारी नजरेने पाहावे. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो (१९९२ पूर्वी पन्नास होती), म्हणजे आपण विकतो ती नातवंडांचीही मिळकत असते. हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशी असल्याखेरीज वैध नाही. मानधन किंवा रॉयल्टी किती, हे त्यात लिहावे लागते. आता होणाऱ्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही, तर करारात वेगळे कलम नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. ते वेगळे कलम बहुधा शेवटच्या पानावर, बारीक टाइपात असते.