प्रवेशअर्जामागची शंभर वर्षे

मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या मंडळातल्या गप्पा अजूनही तीन-चार वाटांवरच फिरतात: मेडिकल, इंजिनिअरिंग, लॉ आणि आता डेटा सायन्स. तरीही दुसऱ्या पिढीतली काही मुलंमुली सोशल वर्क, नर्सिंग, क्लिनिकल सायकॉलॉजी या वाटेला लागली आहेत. त्यातली काही जण पुढे ट्रॉमा थेरपिस्टच्या प्रशिक्षणाला नाव घालतात. अशा वेळी घरात दोन प्रश्न येतात. आजी-आजोबा विचारतात, "म्हणजे नेमकं काय शिकणार? माणसाशी बोलायला शिकावं लागतं का?" आणि मुलं अर्ज भरताना कुरकुरतात, "याला एवढ्या अटी कशाला?"

उदाहरण म्हणून ईएमडीआर या उपचारपद्धतीचं अमेरिकेतलं मूलभूत प्रशिक्षण घेऊ. तिथल्या व्यावसायिक संघटनेच्या नियमाप्रमाणे त्यात २० तास शिकवणं, २० तास देखरेखीखाली सराव आणि १० तास अनुभवी थेरपिस्टबरोबर आपल्या कामाची चर्चा, असे एकूण ५० तास असतात. शिवाय अर्जदाराकडे मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातला परवाना हवा, निदान तो त्या परवान्याच्या वाटेवर देखरेखीखाली काम करणारा तरी हवा. कागदावर या अटी रुक्ष दिसतात. पण त्यांतल्या प्रत्येक अटीमागे कुणीतरी सोसलेलं आहे. तो इतिहास कळला तर दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकदमच मिळतात.

न दिसणारी जखम

'ट्रॉमा' हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ साधा: जखम. शल्यवैद्य तो शरीराच्या जखमेसाठी वापरत. मनालाही तो लागू होतो हे मान्य व्हायला आगगाडी यावी लागली. १८६६ मध्ये लंडनचे शल्यवैद्य जॉन एरिक्सन यांनी रेल्वे अपघातातून वाचलेल्या माणसांवर पुस्तक लिहिलं. हाड मोडलेलं नाही, रक्त आलेलं नाही, पण झोप गेली आहे, हात थरथरतात, कामात लक्ष लागत नाही, असे हे रुग्ण. एरिक्सन यांना दोष मणक्यात वाटला. नुकसानभरपाईच्या खटल्यांत रेल्वे कंपन्यांच्या वकिलांना तो ढोंगात वाटला. दुखणं खरं की सोंग, हा वाद तेव्हा सुरू झाला आणि पुढे शंभर वर्षं संपला नाही. अमेरिकेत १८७१ मध्ये डॉ. जेकब दा कोस्टा यांनी यादवी युद्धातल्या सैनिकांच्या धडधडणाऱ्या छातीवर लिहिलं. त्यांनी आजार हृदयाचा मानला.

मग पहिलं महायुद्ध आलं. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये 'शेल शॉक' हा शब्द छापून आणला. तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदू हादरतो, अशी समजूत होती. पण स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांची वाचा जाऊ लागली, पाय लुळे पडू लागले. या सैनिकांचं काय करायचं हे सैन्याला कळेना. त्या युद्धात ब्रिटिश सैन्याने पळून जाणं, भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी आपल्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळायला २००६ साल उजाडलं.

या युद्धात आपलीही माणसं होती. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या आणि कुत अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. उपासमारीनंतर एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. साताऱ्याच्या किंवा कोकणातल्या काही गावांत आजही दगडी पाटी दिसते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके कामी आले. परत येऊन रात्री दचकून उठणाऱ्यांचा आकडा पाटीवर नाही. त्यांना सांभाळलं ते घरच्यांनी. त्याला नाव नव्हतं, आणि नाव नसलेल्या दुखण्याचं शिक्षण कुणी देत नाही.

पहिले वर्ग

शिक्षणाची सुरुवात झाली ती इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या मॅघल इथल्या लष्करी रुग्णालयात. रुग्ण वाढत होते आणि त्यांचं ऐकून घेऊ शकणारे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेव्हा तिथले प्रमुख डॉ. रोनाल्ड रोज यांच्या देखरेखीखाली लष्करी डॉक्टरांसाठी मानसोपचाराचे खास अभ्यासवर्ग सुरू झाले. मानसिक आघातावर उपचार करणाऱ्यांच्या संघटित प्रशिक्षणाचा हा अगदी सुरुवातीचा नमुना.

मॅघलमध्ये काम केलेले डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स पुढे एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात गेले. कवी सिगफ्रीड ससून त्यांचे तिथले रुग्ण. रिव्हर्स यांचा आपल्याकडचा धागा फारसा माहीत नसतो. युद्धाच्या आधी ते मानववंशशास्त्रज्ञ म्हणून निलगिरीच्या डोंगरात तोडा लोकांमध्ये राहिले होते आणि १९०६ मध्ये त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. परक्या माणसाचं जगणं त्याच्याच तोंडून, घाई न करता ऐकायची सवय त्यांना तिथे लागली असावी, असं मला वाटतं. १९१८ मध्ये त्यांनी मांडलं की "विसरून जा, आनंदी गोष्टींचा विचार कर" हा सल्ला सैनिकांचं दुखणं वाढवतो. हा सल्ला आपल्या घरांतही किती सहज दिला जातो, हे वेगळं सांगायला नको.

क्रेगलॉकहार्ट हे अधिकाऱ्यांचं रुग्णालय होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. साध्या शिपायाच्या वाट्याला असं ऐकणारं माणूस क्वचित येई. आणि युद्ध संपल्यावर जमवलेलं ज्ञानही पांगलं. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या अब्राम कार्डिनर यांना ते पुन्हा नव्याने लिहावं लागलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या सूचीत, म्हणजे डीएसएममध्ये, १९५२ साली अशा प्रतिक्रियेची नोंद होती. १९६८ च्या आवृत्तीत ती गळली. व्हिएतनामचं युद्ध तेव्हा ऐन भरात होतं.

आधी विश्वास, मग विद्या

१९६९ मध्ये बॉस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सारा हेली ही तरुण सोशल वर्कर नव्याने रुजू झाली. तिच्यासमोर आलेल्या एका सैनिकाने व्हिएतनाममधल्या एका गावात आपल्या तुकडीने केलेली कत्तल सांगितली. ते गाव माय लाय. बातमी तोवर जगाला कळली नव्हती. रुग्णालयातल्या बैठकीत सगळ्यांनी निदान केलं: स्किझोफ्रेनिया, भ्रम. हेलीचं म्हणणं एवढंच होतं की हा माणूस सांगतोय ते खरं असू शकतं. तिचे वडील दुसऱ्या महायुद्धात होते. युद्धाच्या गोष्टी तिने घरात ऐकलेल्या होत्या. १९७४ मध्ये तिने यावर लेख लिहिला. रुग्ण अत्याचाराची कबुली देतो तेव्हा ऐकणाऱ्याने स्वतःचा धक्का कसा सांभाळायचा, हा त्या लेखाचा विषय. आजच्या अभ्यासक्रमांतही हा प्रश्न शिकवला जातो.

त्याच शहरात, त्याच सुमारास, ॲन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ बॉस्टन सिटी हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात बलात्कारपीडित स्त्रियांशी बोलत होत्या. त्यांचाही निबंध १९७४ चाच. रणांगणावरून आलेला पुरुष आणि घरात किंवा रस्त्यात अत्याचार झालेली स्त्री यांच्या तक्रारी सारख्याच निघाल्या: तीच दुःस्वप्नं, तेच दचकणं, तेच जगापासून तुटणं.

न्यूयॉर्कमध्ये १९७० पासून व्हिएतनामहून परतलेले सैनिक स्वतःच गट करून बसू लागले होते. रॉबर्ट लिफ्टन आणि हाइम शातान हे मानसोपचारतज्ज्ञ तिथे जात, पण उच्चासनावरून बोलायला नव्हे, तर त्यांच्यात बसायला. या सगळ्या दबावातून १९७९ मध्ये माजी सैनिकांसाठी वस्त्यावस्त्यांत समुपदेशन केंद्रं काढण्याचा कायदा झाला आणि १९८० च्या डीएसएममध्ये पीटीएसडी हे नाव आलं. थोडक्यात, हे निदान विद्यापीठातून खाली उतरलं नाही. ज्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं त्यांनी ते वर नेलं.

अटी कुठून आल्या

नाव मिळालं आणि उपचार करणाऱ्यांची मागणी एकदम वाढली. १९८५ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. एडना फोआ, पॅट्रिशिया रेसिक यांनी टप्प्याटप्प्याचे, मोजता येतील असे उपचार बसवले. फ्रान्सीन शापिरो यांचा ईएमडीआरवरचा पहिला अभ्यास १९८९ मध्ये आला. या पद्धतीतल्या डोळ्यांच्या हालचालींची गरज कितपत, यावर तज्ज्ञांमध्ये वाद झाले. तरी २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीटीएसडीसाठी आघातावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली.

चांगल्या हेतूने केलेली मदतही उलटू शकते, हेही याच काळात दिसलं. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी आपत्तीनंतर लगेच गटात बसवून अनुभव बोलायला लावायची पद्धत मांडली. ती झपाट्याने पसरली. पुढे अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा असं दिसलं की माणसाला अशा एकाच बैठकीत बोलतं केल्याने पीटीएसडी टळत नाही, आणि काहींचा त्रास कदाचित वाढतोही. आता आपत्तीनंतर पहिला भर असतो तो सुरक्षितता, अन्न, आपल्या माणसांची भेट यांवर. बोलायची सक्ती नाही. अर्जावर 'देखरेखीखाली सराव' अशी अट असते ती यासाठी. जखम उघडता येणं सोपं आहे. ती कधी उघडू नये हे जाणकारासमोर बसूनच शिकता येतं.

चर्चेच्या तासांमागेही एक इतिहास आहे. १९९० मध्ये लिसा मॅकॅन आणि लॉरी पर्लमन यांनी दाखवलं की दुसऱ्याचे आघात ऐकत राहिल्याने थेरपिस्टचं स्वतःचं जगाकडे पाहणंही बदलतं. म्हणून अनुभवी माणसाकडे जाऊन आपलं काम, आपली झोप, आपली चिडचिड याबद्दल बोलणं हा चैनीचा भाग नसून कामाचा भाग मानला गेला.

भोपाळ, किल्लारी आणि भाषा

भारतात हा विषय आपत्तींनी शिकवला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये वायू पसरला. मानसोपचारतज्ज्ञ अगदीच थोडे. मग बंगळुरूच्या निमहान्समधल्या तज्ज्ञांनी तिथल्या साध्या डॉक्टरांनाच मनाचं दुखणं ओळखायला आणि हाताळायला शिकवलं. तज्ज्ञ येईपर्यंत थांबायचं नाही, आहे त्या माणसाला शिकवायचं, ही वाट तिथे पक्की झाली.

नऊ वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून झोपलेल्या किल्लारी परिसरातली गावं भूकंपाने कोसळली. लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. पहिल्या पिढीतल्या अनेकांना तेव्हा जमवलेले पैसे आणि कपडे आठवत असतील. घरं पुन्हा उभी राहिली. वाचलेल्यांच्या मनाचं काय झालं यावर १९९६ मध्ये अमेरिकेतल्या प्रतिष्ठित नियतकालिकात भारतीय संशोधकांचा निबंध आला आणि मानसिक आजारांचं प्रमाण मोठं असल्याचं त्यात दिसलं.

इथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो आपला आहे. मराठी माणूस "मला ट्रॉमा झालाय" असं म्हणत नाही. तो म्हणतो, छातीत धडधडतं, डोळ्याला डोळा लागत नाही, जीव थाऱ्यावर नाही, कशात मन लागत नाही. दुभाषा यातला शब्द देतो, पण त्यामागचं अनेकदा निसटतं. इथे एकट्या पडलेल्या सासूबाई, व्हिसाच्या भीतीने मारहाण सोसणारी सून, अपघातात मुलगा गमावलेले काका यांच्यासमोर बसायला आपलीच भाषा कळणारं प्रशिक्षित माणूस किती वेळा मिळतं? दुसऱ्या पिढीतल्या मुलाचं मोडकंतोडकं मराठीसुद्धा त्या खोलीत सोन्याच्या मोलाचं ठरतं.

नाव घालण्यापूर्वी

अमेरिकेत 'ट्रॉमा थेरपिस्ट' असा वेगळा सरकारी परवाना नाही. परवाना सोशल वर्कर, समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अशा मूळ व्यवसायाचा. सोशल वर्कची मास्टर्स पदवी पूर्ण वेळ केली तर साधारण दोन वर्षांची. त्यानंतर स्वतंत्रपणे काम करायचा परवाना मिळण्याआधी देखरेखीखाली काही हजार तास काम. नेमके तास राज्याराज्यांत वेगळे. ट्रॉमाचं प्रशिक्षण या पायावर उभं राहतं. दोन दिवसांत प्रमाणपत्र देणारे वर्गही पुष्कळ आहेत. म्हणून फी भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: प्रवेश कुणालाही आहे की पात्रता पाहतात? ही पद्धत अभ्यासांत तपासली गेली आहे का? माझं काम प्रत्यक्ष पाहून चुका दाखवणारं कोणी असेल का? आणि वर्ग संपल्यावर मी कुणाकडे जाऊन बोलायचं?

आजी-आजोबांच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. माणसाशी बोलायला शिकावं लागत नाही, हे खरं. पण ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही त्याचं ऐकून घेणं, त्याला घाई न करणं, आणि ते ऐकून स्वतः न मोडणं, हे शिकावंच लागतं. ते शिकायला जगाला शंभर वर्षं लागली. आपल्या घरातल्या एखाद्या मुलीने त्यासाठी तीन-चार वर्षं मागितली, तर ती फार नाहीत.