नौरू बेटाची भाषा



पॅसिफिक महासागरांत विषुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस नौरू नांवाचें बेट आहे. क्षेत्रफळ अवघें २१ चौरस किलोमीटर. तेथील भाषा मलय व हवाईयन भाषांच्या ऑस्ट्रोनेशियन कुळांतली असून मायक्रोनेशियन शाखेंत गणली जाते. परंतु भगिनीभाषांहून ती बरीच निराळी पडली आहे.

तिचा एक विशेष मौजेचा आहे. मोजावयाची वस्तु बदलली कीं संख्यावाचक शब्दही बदलतो. आपण आंबे 'तीन' म्हणतों आणि मुलगे 'तिघे' म्हणतों. नौरू भाषेनें हा भेद पुष्कळ पुढें नेला असून वस्तूंच्या अनेक वर्गांना निरनिराळीं रूपें योजिलीं आहेत.

फिलिप डेलापोर्ट हे मिशनरी १८९९ सालीं तेथें आले. त्यांनीं ती भाषा रोमन लिपींत बसविली. १९०७ सालीं नवा करार व १९१८ सालीं समग्र बायबल नौरू भाषेंत निघालें. कॅथॉलिक धर्मोपदेशक आलोइस कायझर यांनीं १९३६ सालीं व्याकरण रचिलें. पुढें १९३८ सालीं लेखनसुधारणेचा यत्न झाला, पण तिचा कांहीं भागच अमलांत आला.

ग्रंथ झाले, बोलणारे मात्र घटत होते. १९०६ पासून फॉस्फेटच्या खाणी सुरू होऊन परके लोक आले. १९२० च्या इन्फ्ल्यूएंझानें अनेक माणसें नेलीं. जमात तगावयास निदान १,५०० माणसें हवींत, असें तेव्हां मानलें गेलें. २६ ऑक्टोबर १९३२ रोजीं ती संख्या पुरी झाली. त्या दिवसास 'अंगाम' म्हणतात. ध्येय गांठलें, घरीं पोहोंचलों, असा त्या शब्दाचा भाव आहे.

तो आनंद अकरा वर्षेंच टिकला. १९४३ सालीं जपान्यांनीं सुमारें १,२०० नौरूवासीयांना ट्रक बेटांवर नेलें. उपासमार, रोग व मारहाण यांनीं शेंकडों दगावले. व्याकरणकार कायझरही १९४४ सालीं तेथेंच वारले. ३१ जानेवारी १९४६ रोजीं ७३७ जण परतले. १९४९ सालीं संख्या पुन्हां १,५०० झाली आणि १९६८ सालीं, त्याच ३१ जानेवारीस, नौरू स्वतंत्र झाला.

आज तेथें कचेरींत व शाळेंत इंग्रजीचें वजन मोठें असलें, तरी घरांत नौरूच बोलली जाते. व्याकरण ग्रंथांत सुरक्षित राहतें. भाषा मात्र घरांतल्या माणसांवर जगते. म्हणूनच ह्या लहानशा लोकांनीं आपलीं माणसें मोजून सण मांडला.