व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे जठर

गंभीर आजारात जठराला जखमा होऊन रक्तस्राव होतो, हे व्हेंटिलेटर येण्यापूर्वीच ठाऊक झाले होते. लंडनचे शल्यचिकित्सक थॉमस ब्लिझर्ड कर्लिंग यांनी 1842 मध्ये भाजलेल्या रुग्णांच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आढळणाऱ्या व्रणांचे वर्णन केले. 1932 मध्ये अमेरिकेतील मेंदूशल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी मेंदूतील गाठी आणि जठराचे व्रण यांचा संबंध दाखवला. आजार एका अवयवाचा आणि जखम पोटात, ही गोष्ट तेव्हा विलक्षण वाटली असली तरी असे रुग्ण तुलनेने थोडे होते. फार आजारी माणूस व्रण व्हायला लागणारे दिवस जगतच नसे.

हे चित्र बदलले ते 1952 मध्ये, कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत. ब्लेगडॅम रुग्णालयात भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वास थांबत आलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेला गळ्यापाशी छिद्र पाडून नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा भरली. पुढचे कित्येक महिने सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हे काम केले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात अतिदक्षता विभाग सुरू केला. हात दमायचे, म्हणून यंत्रे आली. श्वास बंद पडलेला माणूस आता आठवडेच्या आठवडे जगू लागला आणि त्या आठवड्यांत शरीरात काय काय बिघडते, ते प्रथमच दिसू लागले.

बोस्टनमधील स्किलमन, सायलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये जठराच्या या बिघाडाची ठळक नोंद केली. त्यांच्या अतिदक्षता विभागातील 150 रुग्णांपैकी आठ जणांना जठरातून प्रचंड रक्तस्राव झाला होता. या रुग्णांत श्वसन निकामी होणे, रक्तदाब घसरणे, जंतुसंसर्ग आणि कावीळ यांची साखळी दिसत होती. नेहमीच्या अल्सरमध्ये एक खोल जखम असते. इथे जठराच्या वरच्या भागात अनेक उथळ ओरखडे पडून सगळे अस्तरच पाझरत असे. टाका घालावा अशी एक जागा सापडत नसल्याने शस्त्रक्रिया फार अवघड होई.

कारण बऱ्याच अंशी रक्तपुरवठ्यात आहे. संकटात शरीर पोटाचे रक्त आखडते घेते आणि हृदय व मेंदू यांच्याकडे वळवते. आपण श्वास आत घेतो तेव्हा छातीतला दाब कमी होतो. व्हेंटिलेटर मात्र हवा दाबाने आत ढकलतो, त्यामुळे छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि पोटाच्या वाट्याचे रक्त आणखी कमी होऊ शकते. जठराच्या अस्तरावर चिकट द्रव आणि क्षार यांचा संरक्षक थर असतो आणि तो टिकतो तो रक्तपुरवठ्याच्या जोरावर. तो पातळ झाला की नेहमीच्या प्रमाणातले आम्लही अस्तर खाऊ लागते. मेंदूला इजा झालेल्यांत आम्ल खरोखर वाढू शकते. इतर बहुतेकांत आम्ल वाढलेले नसते, अस्तर दुबळे झालेले असते.

रक्तपुरवठा सुधारणे कठीण होते, आम्ल मारणे त्या मानाने सोपे. 1978 मध्ये बोस्टनच्याच गटाने शंभर रुग्णांवर अँटासिडची चाचणी केली. परिचारिकेने नाकावाटे जठरात घातलेल्या नळीतून (रायल्स ट्यूब) तासातासाला जठरातला रस ओढायचा, त्याचा सामू तपासायचा आणि तो 3.5 च्या खाली असेल तर अँटासिडची मात्रा वाढवायची, असा हा क्रम दिवसरात्र चाले. अँटासिड न मिळालेल्या 49 जणांपैकी 12 जणांना रक्तस्राव झाला, मिळालेल्या 51 जणांपैकी फक्त दोघांना. या यशाचे मोठे श्रेय खाटेशेजारी उभ्या असलेल्या परिचारिकांना द्यायला हवे. पण अँटासिडमधल्या मॅग्नेशियमने रुग्णांना जुलाब होत आणि दर तासाचे हे काम कायम रेटणे अवघड होते. त्यामुळे ब्रिटनमध्ये 1976 मध्ये बाजारात आलेल्या सिमेटिडीनसारख्या, आम्लाचे उत्पादनच कमी करणाऱ्या औषधांकडे डॉक्टर वळले. सिमेटिडीनचा शोध ज्यांच्या कामातून लागला त्या जेम्स ब्लॅक यांना 1988 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

ऐंशीच्या दशकात एक वेगळी शंका पुढे आली. जठरातले आम्ल जंतूंना मारते. ते नाहीसे केले तर जठरात जंतू वाढतात आणि आडव्या पडलेल्या रुग्णाच्या जठरातला द्रव अन्ननलिकेतून वर येऊन श्वासनलिकेत झिरपतो. 1987 च्या एका अभ्यासात व्हेंटिलेटरवरील 130 रुग्णांपैकी आम्लविरोधी औषधे घेणाऱ्यांना न्यूमोनिया जवळपास दुप्पट झाला. तुलनेत होते सुक्राल्फेट, जे आम्ल कमी न करता जखमेवर लेप बसवते. रुग्णसंख्या लहान असल्याने फरक निर्णायक ठरला नाही, पण वाद पेटला. याच धाग्यावर बार्सिलोनात 1999 मध्ये 86 रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. सपाट निजवलेल्यांपैकी 34 टक्क्यांना न्यूमोनियाची शंका आली, पाठ व डोके 45 अंश उंचावलेल्यांपैकी फक्त 8 टक्क्यांना. खाटेचे डोके उंच ठेवणे हा आजही परिचर्येचा नियम आहे. जठरात किती अन्न उरले ते वरचेवर ओढून मोजण्याची पद्धत मात्र 2013 च्या फ्रेंच चाचणीनंतर पुष्कळ ठिकाणी सैल झाली. न मोजताही न्यूमोनिया वाढला नाही, असे त्या चाचणीत दिसले होते.

औषध नक्की कोणाला हवे, या प्रश्नाचा निकाल लावण्यात कॅनडाच्या डेबोरा कुक यांचे काम सर्वांत मोलाचे. त्यांच्या गटाने 1994 मध्ये 2252 रुग्णांचा मागोवा घेतला. चिंताजनक रक्तस्राव फक्त 33 जणांना झाला होता. 48 तासांहून अधिक व्हेंटिलेटर आणि रक्त गोठण्यातला बिघाड, हे दोन मोठे धोके ठरले. दोन्हीपैकी एकही नसलेल्या 1405 जणांत असा रक्तस्राव दोघांनाच झाला. 1998 मध्ये त्यांनी 1200 रुग्णांत आम्ल कमी करणारे रॅनिटिडीन आणि सुक्राल्फेट यांची तुलना केली. रक्तस्राव रॅनिटिडीनने कमी झाला आणि न्यूमोनियात ठाम फरक दिसला नाही. मूळ आजारच पूर्वीहून दुर्मीळ होत चालला होता. रक्तदाब लवकर सावरणे आणि पोटात अन्न लवकर पोचवणे यांचा त्यात मोठा वाटा मानला जातो.

पुढे आम्ल कमी करणारी पँटोप्राझोलच्या वर्गातली, अधिक जोरकस औषधे सर्रास दिली जाऊ लागली. 2018 च्या युरोपातील चाचणीत 3298 रुग्णांचा समावेश होता. औषधाने मृत्यूत फरक पडला नाही, पण महत्त्वाचा रक्तस्राव 4.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आला. 2024 मध्ये कुक यांच्याच गटाने व्हेंटिलेटरवरील 4821 रुग्णांत रक्तस्राव 3.5 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आल्याचे दाखवले. न्यूमोनियाची जुनी भीतीही खरी ठरली नाही. व्हेंटिलेटर सुटला की या औषधाचे कारण सहसा संपते. तरीही अनेक रुग्णांच्या घरी जाण्याच्या चिठ्ठीवर ते राहून जाते आणि त्यांच्याकडून महिनोन्महिने घेतले जाते.