टोपीच्या आत दडवलेलं पोलाद

मंडळी, शिरस्त्राण म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चकाकणारं लोखंड, वर तुरा, म्हणजे लांबूनच दिसावी अशी वस्तू. पण सतराव्या शतकात एक शिरस्त्राण असं होतं, की ते दिसलं तर त्याचा उपयोगच संपला. इंग्रजीत त्याचं नावच 'सीक्रीट', म्हणजे गुपित!

रचना अगदी साधी. डोक्यावर बसेल अशी लोखंडी वाटी, कडेनं बारीक भोकं, ती टोपीच्या अस्तराला शिवण्यासाठी. काहींत अख्खी वाटीसुद्धा नसे, नुसत्या पट्ट्यांचा सांगाडा. वरून तलवारीचा वार आला तर तो पट्टीवर अडला म्हणजे झालं.

आता प्रश्न असा, की लपवायचं कशाला? याचं उत्तर एका टोपीत आहे. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात ती जपून ठेवलेली आहे. बीव्हरच्या केसांची, आतून पोलाद लावलेली. ती जॉन ब्रॅडशॉ या कायदेपंडिताची. जानेवारी १६४९ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये राजा पहिला चार्ल्स याच्यावर खटला चालला, त्याचा हा अध्यक्ष. राजाचा न्याय करणाऱ्याला मारेकऱ्याची भीती असणार, हे उघडच आहे. पण विचार करा, न्यायाधीश शिरस्त्राण घालून बसला असता तर? हा न्याय नव्हे, लढाईच आहे, असंच लोक म्हणाले असते. म्हणून वर टोपी कायद्याची आणि आत पोलाद भीतीचं.

हाच पेच आपल्याकडे प्रतापगडाच्या पायथ्याशी दिसतो. १० नोव्हेंबर १६५९. शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट. भेट सलोख्याची ठरलेली, त्यामुळे उघड चिलखत घालून जाणं म्हणजे बोलणी आधीच मोडणं. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात महाराजांनी पागोट्याखाली पोलादी टोपी आणि अंगरख्याखाली चिलखत घातल्याचं वर्णन आहे. सभासद बखरीत मंदील आणि त्यात बांधलेला तोडा येतो. तपशिलात फरक आहे, पण सावधगिरी दोन्हीकडे आहे.

काही जण याला कपट म्हणतात. मला ते पटत नाही. वाघनखं हे शस्त्र आहे, त्यावर वाद घाला. पण लपवलेली टोपी कुणावर वार करत नाही. समोरच्यानं शब्द पाळला तर ती कुणाला कळतसुद्धा नाही.

ब्रॅडशॉचं पुढं काय झालं? तो १६५९ मध्येच अंथरुणावर वारला. टोपीला वार झेलायची वेळ आलीच नाही. पण राजेशाही परतली आणि ३० जानेवारी १६६१ ला त्याचं प्रेत उकरून टायबर्नला फासावर लटकवलं. नंतर मुंडकं खांबावर लावलं, कुठं? त्याच वेस्टमिन्स्टर हॉलवर.

मारेकऱ्यापासून वाचवणारं पोलाद टोपीत शिवता येतं. सत्ता फिरल्यावर येणाऱ्या सूडावर मात कुठल्याच लोहारानं केलेली नाही.