दारातली भोकं

परवा भाच्याने सेकंड हँड गाडी घेतली आणि लगेच फोन केला, "मामा, स्पीकर कुठले टाकू?" घरात मी या विषयातला जाणकार समजला जातो. का, ते शेवटी सांगतो. त्याला म्हटलं, आधी गाडीत भोक केवढं आणि किती खोल आहे ते मोज. तो हसला. पण गंमत म्हणजे गाडीतल्या आवाजाचा बराचसा इतिहास या भोकाभोवतीच फिरतो.

१९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विनने गाडीत बसणारा रेडिओ तयार केला. अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांचं अधिवेशन होतं. तिथे त्याच्याकडे स्टॉल नव्हता, म्हणून त्याने आपली स्टुडबेकर बाहेर उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना रेडिओ ऐकवला. त्या रेडिओचं नाव मोटोरोला. किंमत सुमारे ११० डॉलर, आणि बसवणं म्हणजे दिव्यच! व्हॉल्व्हना जास्त व्होल्टेज लागे, त्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या आणि त्यांच्यासाठी वेगळी जागा. स्पीकरचा डबा निराळा. म्हणजे पहिल्या दिवसापासून आवाज हवा तर गाडी कापा, हेच चालू आहे.

पुढे कारखान्यांनीच डॅशबोर्डमध्ये जागा ठेवली आणि बरीच वर्षं एका स्पीकरवर भागलं. बातम्या आणि गाणी ऐकायला तेवढा पुरे. मग १९६५ च्या शेवटी शेवटी फोर्डने १९६६ च्या मॉडेलांसाठी आठ ट्रॅकचा टेप प्लेअर देऊ केला. मागोमाग फिलिप्सची १९६३ ची कॅसेटही गाडीत आली. स्टीरिओ म्हटलं की डावा-उजवा असे दोन स्पीकर आले. ते बसवायचे कुठे? दारात, नाहीतर मागच्या काचेखालच्या फळीवर. फळी अरुंद, म्हणून स्पीकर लांबट झाला. सहा बाय नऊ इंचाचा तो अंडाकृती स्पीकर अशा जागेच्या अडचणीतून रूढ झाला. त्या फळीखालची डिकी मात्र आयतं खोकं ठरली. स्पीकरच्या मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाला मारक असतो, तो डिकीत अडकून राहतो.

भोकांची मापं ठरली आणि बदली स्पीकरचा धंदा उभा राहिला. सत्तरच्या दशकात जेन्सनने एकाच चौकटीत दोन-दोन, तीन-तीन स्पीकर बसवून विकले. जुना काढा, त्याच भोकात नवा बसवा. (ही कंपनी काढणारा पीटर जेन्सन मूळचा डेन्मार्कचा, १९१५ च्या सुमारास मॅग्नाव्हॉक्स या नावाने लाउडस्पीकर बनवणाऱ्या दोघांतला एक.) उलट वाट धरली ती अमर बोस यांनी. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. त्यांच्या कंपनीने १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसाठी त्याच गाडीची आतली रचना मोजून स्पीकर बनवले. गाडी आणि आवाज यांचा विचार एकत्र.

भाच्याला वॉटचं वेड आहे. खोक्यावरच्या वॉटच्या मोठ्या आकड्यांना भुलू नकोस, एवढं सांगितलं. इंजिन चालू असताना बॅटरीचे मिळतात सुमारे १४ व्होल्ट. तेवढ्यात साध्या टेपमधून चार ओहमच्या स्पीकरला हिशेबाने २५ वॉटच्या आसपास पोचतात, प्रत्यक्षात थोडे कमीच. म्हणून एका वॉटला किती डेसिबल ते बघावं. तीन डेसिबल जास्त देणारा स्पीकर म्हणजे दुप्पट ताकदीचा टेप घेतल्यासारखंच.

आता माझ्या जाणकारीबद्दल. १९९१ साली नोकरी लागल्यावर मी हौसेने बाबांच्या पद्मिनीच्या पुढच्या दोन्ही दारांत स्पीकर बसवून घेतले. पत्रा कापला. फिटरने दारात डोकावून मान हलवली, "साहेब, मॅग्नेट मोठा आहे, काचेला लागेल." मी म्हटलं, बसव. त्याने काच अडावी म्हणून आत लाकडाचा ठोकळा ठोकला. आवाज दणदणीत. मी खूष!

बाबांना खिडकीवर कोपर टेकवून गाडी चालवायची सवय. त्या दिवसापासून त्यांच्या बाजूची काच अर्ध्यावर थांबू लागली. ते काही बोलले नाहीत. हात स्टिअरिंगवर घेतला, एवढंच.

दोन पावसाळ्यांत दारात पाणी झिरपून कागदी पडदे फुगले आणि फाटले. स्पीकर मुके झाले. पण काढले तर भोकं उघडी पडतील, म्हणून मी ते तसेच राहू दिले. पुढे चार वर्षं, गाडी विकेपर्यंत, बाबा अर्ध्या काचेनेच गाडी चालवत राहिले. तेही कशासाठी? न वाजणाऱ्या स्पीकरसाठी.

भाच्याला शेवटी एवढंच सांगितलं, आधी काच पूर्ण खाली घे, मग खोली मोज. स्पीकर काय, पुन्हा बदलता येतात.