लांडगा, मेंढपाळ आणि सरकारची थैली

आजचे जळगांव, धुळें व नंदुरबार हे जिल्हे ज्यांत मोडतात, तो खानदेश १८१८ सालीं इंग्रजांच्या हातीं आला तेव्हां बराचसा रान होऊन बसला होता. लढाया, लूट आणि दुष्काळ यांनीं गांवें ओस पडलीं होतीं व नांगराच्या जागीं झाडी माजली होती. १८२२ सालीं हिंस्र पशूंनीं येथें ५०० माणसें व २०,००० गुरें मारल्याची नोंद जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्यें आहे. सरकारनें यावर उपाय योजला तो बक्षिसाचा. श्वापद मारावें आणि कचेरींतून रोख रक्कम घेऊन जावी.

पुढें रान तुटलें, वाघ हटला; परंतु लांडगा उघड्या माळावर राहणारा, मेंढरांच्या वाटेवरच त्याचें ठाणें. १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत हिंदुस्थानांत २ लाखांवर लांडगे बक्षिसासाठीं मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा हिशेब आहे. मात्र ही थैली सुटे ती मारणाऱ्यासाठीं; ज्याची मेंढी गेली, त्याच्या पदरीं तींतून कांहीं पडत नसे.

स्वातंत्र्यानंतर हें चक्र उलटें फिरलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आज लांडगा आहे; त्यास मारणें हा गुन्हा आहे. लांडग्यानें मेंढी मारल्यास महाराष्ट्र सरकार बाजारभावाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ठराविक मर्यादेंत, भरपाई देतें. त्यासाठीं ४८ तासांच्या आंत वर्दी द्यावी लागते, आणि वनखात्याचा पंचनामा होईपर्यंत मेलेलें जनावर जागचें हलवितां येत नाहीं.

गोठा असलेल्या शेतकऱ्यास हा नियम पाळतां येतो. परंतु साक्री-धुळ्याकडील ठेलारी पावसाळा सरतांच कळप घेऊन निघतो. खतासाठीं मेंढ्या बसवीत तो आज एका शेतांत, तर उद्यां दुसऱ्या गांवच्या शिवारांत. पंचनाम्यासाठीं थांबावें तर कळप उपाशी. कळप हांकावा तर पुरावा मागें राहतो. शिवाय लांडगा कोकरूं उचलून नेतो तेव्हां दाखवावयास कांहींच उरत नाहीं.

पूर्वीं मेलेल्या लांडग्याचा पुरावा कचेरींत नेतां येत असे. आतां मेलेल्या मेंढीपाशीं कचेरीनेंच यावयाचें आहे. ती वेळेवर आली, तर त्या माळावर लांडगा आणि मेंढपाळ दोघेही नांदतील. न आली, तर मेंढपाळ आपला न्याय आपणच करूं लागेल, आणि तो बहुधा विषाचा असेल.