गाईचा संकर आणि कोकणची दावण

गाईचे दूध वाढवायचे तर विलायती वळू आणावा, ही कल्पना आपल्याकडे कालपरवाची नाही. इंग्रज अमदानीत, १८८९ साली, लष्कराने अलाहाबादला आपली पहिली दुग्धशाळा काढली. पुढे अशा दुग्धशाळांतून देशी गाय आणि विलायती वळू यांचा संकर झाला. पण तिथे वैरण, आंबोण, डॉक्टर, सारे सरकारी. साध्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग?

तो उपयोग करून दाखवला मणिभाई देसाई यांनी. गांधीजींबरोबर १९४६ साली ते उरुळी कांचनला आले नि तिथेच राहिले. आधी त्यांनी गीर गाई सुधारल्या. मग १९६७ साली 'बाएफ' ही संस्था उभी केली आणि विलायती वळूचे वीर्य थेट शेतकऱ्याच्या दारात नेले. वळू पोसायला नको, की गाय घेऊन दवाखान्यात जायला नको. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता आपण विचाराल, मग रायगडच्या किनाऱ्यावर घरोघर दुधाचे पाट का वाहिले नाहीत? उत्तर दावणीत आहे. इथे पाऊस दांडगा. गोठा ओला, गोचीड फार. खायला भाताचा पेंढा आणि डोंगरउतारावरचे वाळलेले गवत. त्यात पोट भरते, कस नसतो. दहा-बारा लिटर दुधाची गाय एवढ्यावर कशी उभी राहणार? विलायती रक्त वाढवावे तशी भूक वाढते, आणि गोचिडाने येणारा ताप तिलाच आधी गाठतो. पहिल्या पिढीची, अर्ध्या रक्ताची कालवड दोन्हीकडचे गुण घेते. पुढे संकरितांचाच आपसात संकर केला, तर तो जोम निम्म्यावर येतो.

शिवाय गोऱ्ह्याचे काय करायचे? ब्राझीलने आपलीच गीर नेऊन होल्स्टीनशी जुळवली नि 'जिरोलांडो' जात केली. तिथे गाय दूध देते, गोऱ्हा मांसासाठी विकला जातो. आपल्याकडे गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आली. २०१५ साली ती बैल-वळूंनाही लागू झाली. संकरित बैलाला वशिंड बेताचे, त्यामुळे जू नीट बसत नाही, आणि ऊनही सोसत नाही. म्हणजे त्याला ना शेत, ना बाजार. पोसणारा मात्र गरीब.

आमची गावठी गाय लहान चणीची, दूध दोन-तीन लिटर. पण तिचा हलका बैल भाताच्या चिखलणीत रुतत नाही. तिलाच २०१८ साली 'कोकण कपिला' म्हणून स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली.

तेव्हा ज्याच्याकडे बारमाही ओली वैरण आहे, त्याने अर्ध्या रक्ताची जर्सी संकरित गाय खुशाल बांधावी. ती अंगाने आटोपशीर, खायलाही बेताची. ज्याच्याकडे नुसता पेंढा, त्याने कपिलाच चांगल्या वळूकडून सुधारावी. आधी वैरण मोजावी, मग वळू निवडावा.